इंदापुरात ऐकलेली अमेरिका

भिगवणला मासे खाऊन परत फिरणाऱ्या पुणेकरांनी आपण बारामती-इंदापूर पाहिलं असं समजू नये. मीही इतकी वर्षं तसंच समजत होते. सोलापूर रस्त्याने जायचं, उजनीच्या पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी बघायचे, चिलापी फ्राय खायची, फोटो टाकायचे आणि उन्हं कलायच्या आत घरी. रस्त्याच्या आत गावं असतात आणि गावांत माणसं असतात, हे माहीत असून नसल्यासारखंच होतं. या हिवाळ्यात कामानिमित्त तिथे राहावं लागलं. काम ऐकून हसू नका. मी तिथे अमेरिकन इंग्रजी बोलायला शिकवायला गेले होते.

पुण्यातल्या एका कंपनीत मी उच्चार शिकवत असे. अमेरिकेत कुणाचं तरी वॉशिंग मशीन बंद पडतं, तो फोन करतो आणि तो फोन पुण्यात वाजतो. पुण्यातल्या पोराने तो असा उचलायचा, की पलीकडच्याला वाटावं हा आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर बसलाय. हे सोंग पोरांच्या अंगात भिनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यासाठी कंपनीने मला अमेरिकेतही हिंडवून आणलं, म्हणजे मूळ माल कसा असतो ते कळावं.

त्यामुळे अमेरिकन हेलांबद्दल माझी मतं पक्की आहेत. बोस्टनकडचा माणूस र गिळून टाकतो आणि वर आपल्यालाच शिकवतोय असा चेहरा करतो, तो मला शिष्ट वाटतो. न्यूयॉर्कवाला अंगावर येतो, पण मनात काही नसतं. मंडईतली भाजीवाली जशी खेकसते आणि कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकते, तसा तो. कॅलिफोर्नियाच्या पोरी प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलतात, त्यांच्याशी बोलताना माझं डोकं दुखतं. मिनेसोटाकडचे लोक ओ लांबवत इतकं गोड बोलतात, की त्यांनी आपल्याला नकार दिलाय हे घरी आल्यावर कळतं. ओहायोकडचं बोलणं कंपन्यांना फार प्रिय, कारण त्यात काहीच नसतं. उकडलेला बटाटा, तोही बिनमिठाचा. मी जन्मभर विकला तो हाच बटाटा.

मनापासून आवडतो तो मात्र दक्षिणेकडचा हेल, टेनेसी-जॉर्जियाचा. स्वर ऐसपैस ओढायचा, शब्दाला बसायला जागा द्यायची, वाक्य संपवायची घाई नाही. आणि अमेरिकेत सगळ्यांत जास्त हसतात ते याच बोलण्याला. मालिकेत बावळट माणूस दाखवायचा असला की त्याच्या तोंडी टेनेसी घालतात. आपल्याकडे नाटकातल्या गड्याच्या तोंडी ‘हाय-न्हाय’ घालतात, अगदी तस्संच. नॅशव्हिलच्या एका ऑफिसातली बाई मला म्हणाली होती, मी मुलाखतीला गेले की घरचं बोलणं गाडीत ठेवून जाते. तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती.

तर कंपनीने बारामतीत केंद्र काढायचं ठरवलं. गावाकडची मुलं टिकतात, पळून जात नाहीत, असं आमचे साहेब म्हणाले. मी गावोगाव जायचं, शिकलेली मुलं-मुली गोळा करायची, त्यांना अमेरिकन हेल ऐकवायचे, त्यांचा आवाज टिपून घ्यायचा, रोज संध्याकाळी तो पुण्याला पाठवायचा आणि शेवटी बारामतीच्या वर्गासाठी निवड करायची. बरोबर महेश होता. तो पणदऱ्याचा, गाडी त्याची, ओळखी त्याच्या आणि बोलणंही बहुतेक त्याचंच.

डाळज

डाळजला आम्ही देवळाच्या सभामंडपात बसलो. शिकलेली पोरं आली तशी न शिकलेली म्हातारी माणसंही आली, कारण स्पीकर लावलाय म्हटल्यावर काहीतरी कार्यक्रम असणारच. मी त्यांना उठा म्हणणार होते. महेश कानाशी म्हणाला, “मॅडम, आबांस्नी उठवलं तर पोरं बी उठून जातील.” म्हणून मग अमेरिका सगळ्यांनी मिळून ऐकली.

मी एकेका प्रांताचा माणूस लावत गेले. भाषा कळत नव्हती तरी मतं मात्र तयार होती. बोस्टनवाला सुरू झाल्याबरोबर पुढे बसलेले आबा म्हणाले, “ह्येनं तोंडात तंबाखू धरलीय. थुकून ये म्हणावं आदी.”

न्यूयॉर्कवाल्यावर एकजण म्हणाला, “ह्यो अडत्या हाय. माल बघायच्या आदीच नावं ठेवतोय.”

कॅलिफोर्नियाची मुलगी लावली तेव्हा सगळे जरा गोंधळले. “ही सांगती हाय का इचारती हाय?” आबांनी विचारलं.

“सांगतेय,” मी म्हटलं.

“मंग शेवटाला अशी का भिती?”

इतकी वर्षं मला जे डोकेदुखी वाटत आलं ते त्यांना भिणं वाटलं. मी ओहायो लावला. आबांनी जांभई दिली. मग टेक्ससचा एक गुरं पाळणारा माणूस लावला, नुसतं कुंपण कसं घालायचं ते सांगणारा. सभामंडप जागा झाला. “ह्यो आपल्यातला हाय,” आबा म्हणाले, “ह्येच्याकडं जनावरं असनार. परत लावा.” मी परत लावला. माझ्या वर्गात टेक्ससला वन्स मोअर मिळाल्याची ही पहिलीच वेळ.

दुपारी भिगवणला मासे खाल्ले. उत्तम होते, पण त्यावर इतके लोक लिहून गेलेत की मी नाही लिहीत.

पणदरे

पणदऱ्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे अडकलो. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि पुढे कानठळ्या बसतील अशी गाणी. ओव्हरटेक करायला गेलो तर लटकणाऱ्या उसांनी आमच्या गाडीचा आरसा काढून नेला. महेश उतरला, आरसा शोधला, ट्रॅक्टरवाल्याशी भांडला आणि भांडण संपल्यावर त्याच्याकडूनच ऊस घेऊन आला. “घ्या मॅडम, खावा.” आरसा त्याने डिकीत टाकला.

पणदऱ्यात माझा जीव चहाने जायचा बाकी होता. आम्ही ज्यांच्याकडे मुलांना बोलावलं होतं त्यांच्या ओसरीवर बसलो. पाणी आलं. चहा आला. घरी कोण कोण असतं, आई-वडील आहेत का, पुण्यात पाणी रोज येतं का, एवढ्या उन्हाचं कशाला आलात, सगळं विचारून झालं. मी दोनदा म्हटलं, “आपण सुरू करू या का?” दोन्ही वेळा यजमानांनी “व्हय व्हय” म्हणून दुसऱ्या घरून दूध मागवलं. मुलं आलेली होती, पण माझी विचारपूस पुरी व्हायची वाट बघत उभी होती. सकाळ गेली, आवाज टिपणं दुपारवर गेलं. माझा पारा चढला.

परत जाताना मी महेशवर राग काढला. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आल्या आल्या कामाचं काढलं तर माणसाला वाटतं, ही कामापुरती आली. बसल्याबिगर काम सांगायचं नसतं हितं. फोनवर बी न्हाई सांगत.”

“फोनवरही?”

“फोनवर तर आणिकच न्हाई. समोरचा दिसत न्हाई ना, मंग आदी इचारायला नको का, बरा हाय का?”

मी म्हटलं, अमेरिकेतला माणूस त्या वेळात दुसऱ्या कंपनीला फोन लावेल. महेश हसला आणि म्हणाला, लावू दे की, तितं बी आपलंच पोरगं असंल.

निरवांगी

निरवांगीला पोचेपर्यंत मी कंटाळले होते. नीरेकाठचं गाव, ऊस, डाळिंबं, मक्याचे हिरवे पट्टे, प्रत्येक घरामागे गोठा. पुण्याहून येणाऱ्याला इतकी हिरवळ बघून जरा रागच येतो, कारण आपण या भागाला दुष्काळी म्हणून दया दाखवायची तयारी करून आलेलो असतो.

इथे मला रोहिणी भेटली. इंदापूरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, लग्नाला थोडी वर्षं झालेली, घरात नवरा, सासू आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं म्हणून मीही तात्याच म्हटलं. घरामागे नवा गोठा बांधणं चाललं होतं, पत्रे यायचे होते. आणखी गाई घ्यायच्या होत्या. तात्यांनी माझ्यासमोरच हिशेब स्पष्ट केला, म्हणजे घरचा, पैशांचा नव्हे.

“मॅडम, आमचं म्हननं सरळ हाय. हिला तुमच्यात काम लागलं तर आमी गाया वाढवत न्हाई. हाय त्या म्हातारा-म्हातारी सांभाळतो. न्हाई लागलं तर गोठा भरायचा. मंग हिला सवड न्हाई. ती बी कबूल हाय.”

रोहिणी म्हणाली, “कबूल हाय.” तिचा चेहरा मात्र कबूल नव्हता.

तिचा आवाज ऐकला आणि माझा कंटाळा गेला. खाली, भरीव, शब्दाच्या शेवटापर्यंत पोचणारा. मी सगळे हेल तिला ऐकवले. बोस्टनवर तिने नाक मुरडलं. मिनेसोटाची बाई तिला तिच्या मोठ्या जावेसारखी वाटली, “तोंडावर ग्वाड.” टेनेसीची बाई लागली तशी ती पुढे सरकून बसली. त्या बाईने आपल्या अंगणातल्या टोमॅटोबद्दल काहीतरी सांगितलं होतं.

“ही मला आवडली,” रोहिणी म्हणाली. “हिला कुठं जायाचं न्हाई. आपल्याशी बोलायचं म्हणूनच बोलती हाय.”

मग तिने त्या बाईचं वाक्य म्हणून दाखवलं. मी कितीतरी पोरांना कितीतरी वर्षं घासलंय, पण असं कुणी पहिल्या खेपेला केलं नव्हतं. नक्कल नव्हती ती. इंदापूरच्या माणसाला स्वर ओढायला शिकवावं लागत नाही, तो घरातच ओढलेला असतो. मी खूश झाले. आनंदाच्या भरात म्हणून गेले, “हा आवाज त्यांना आवडणार.” सासूबाई आतून ऐकत होत्या, त्यांनी लगेच खरवस आणून ठेवला.

त्या दिवशी रोहिणीने माझ्या सांगण्यावरून पानंच्या पानं वाचली. इंग्रजी वाचलं, मराठी वाचलं, मनाने बोलली, गोठ्याबद्दल, नवऱ्याच्या ट्रॅक्टरबद्दल. साहेबांची सूचनाच होती, जितकं मिळेल तितकं घ्या. मी ते सगळं पुण्याला पाठवून दिलं.

बारामती

बारामतीचं केंद्र खताच्या दुकानावरच्या हॉलमध्ये होतं. खाली युरियाचा वास आणि वर आम्ही. गावोगावची निवडलेली मुलं येत. रोहिणी एसटीने यायची, येताना घरचं जेवण आणायची आणि मला वाटा द्यायची. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, कधी पिठलं. मी डबेवालीचं जेवण बंद केलं. पुण्यात मी शेजारणीकडून विरजणही मागत नाही, इथे रोज परक्याची भाकरी खात होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मुलांना मी बटाटा शिकवत होते, म्हणजे ओहायो. ती शिकत होती. पण चहाच्या वेळेला हेलांची जुगलबंदी चालायची. कुणाला न्यूयॉर्क हवा असायचा, कारण त्यात दम वाटतो. दोन मुली कॅलिफोर्नियावर फिदा होत्या, कारण मोबाइलवरच्या सगळ्या सुंदर पोरी तशाच बोलतात. रोहिणी टेनेसीवरून हलायला तयार नव्हती. “तुम्ही गुपचूप ओहायो बोला,” मी तिला सांगायचे, “नोकरी लागू दे, मग काय ते टेनेसी करा.” ती मान डोलवायची आणि परत स्वर ओढायची.

शेवटची परीक्षा फोनवरची होती. दिवेलागणीला अमेरिकेत सकाळ होते, तेव्हा तिकडच्या कंपनीची माणसं गिऱ्हाईक बनून फोन करणार आणि मुलं उत्तरं देणार. रोहिणीच्या वाट्याला डोना नावाची बाई आली. पहिल्याच शब्दाला मला कळलं, ही दक्षिणेकडची. डोनाचं मशीन पाणी सोडत नव्हतं. मी बाजूला कान लावून बसले होते. बोलणं इंग्रजीत झालं, पण ते मला मराठीतच आठवतं.

रोहिणीने नाव सांगितलं आणि मशीनचं काही विचारायच्या ऐवजी म्हणाली, “तुम्ही बऱ्या आहात ना? तिकडे सकाळ असेल. काही खाल्लं का?”

मी कपाळावर हात मारला. डोना म्हणाली, “नाही गं. आईचा गुडघा धरलाय, रात्रभर तिच्यापाशी होते.”

झालं. आईचं वय काय, एकटीच करता का, भाऊ-बहीण कुणी आहे का, थंडी किती पडलीय. डोना सगळं सांगत होती. टोमॅटो गारठून गेले, भाऊ दूर असतो, फोन करत नाही. रोहिणी “हो का”, “अरेरे” करत होती आणि तिचा टेनेसी आणि डोनाचा टेनेसी एकमेकांत असे मिसळले, की मलाही एकदा कळेना कोण बोलतंय. मग तिने मशीन कसं नीट करायचं ते बरोबर सांगितलं, एकही पायरी न चुकता. डोना आभार मानून फोन ठेवणार तर ही म्हणते, “गरम पाण्याने शेकवा आईंना. आणि आता आधी खाऊन घ्या, मशीन कुठं पळतंय.”

डोनाने तिला सगळ्यात चांगला शेरा दिला. लिहिलं, इतक्या वर्षांत कुणी मला जेवलीस का विचारलं नव्हतं. मी तो शेरा वर्गात वाचून दाखवला. महेशने खालून पेढे आणले. रोहिणीने तात्यांना फोन लावला, आधी गाय व्यायली का ते विचारलं आणि मग सांगितलं, “झालं असं वाटतंय.” मलाही तसंच वाटलं.

पुणे

साहेबांच्या केबिनमध्ये एसी इतका होता की मी शाल घेऊन बसले. त्यांनी माझं कौतुक केलं. फार चांगला माल आणलात म्हणाले. मी म्हटलं, मुलं कधी रुजू होणार? ते म्हणाले, ज्यांचे फोन लवकर आटोपले ती चार-पाच घेऊ. रोहिणीचा फोन सगळ्यांत लांबला होता.

“पण डोनाचा शेरा बघितलात का?” मी विचारलं. “आणि तिचा हेल—”

“हेलाचं आता काही नाही हो,” साहेब म्हणाले. त्यांचा सूर समजूत घालणाऱ्याचा होता. मग त्यांनी मला एक यंत्रणा दाखवली. पोरगं आपल्या बोलीत, आपल्या हेलात इंग्रजी बोलतं आणि पलीकडे जाईपर्यंत तो आवाज बदलतो. डाळजचा गडी ओहायोचा होतो, तिथल्या तिथे, श्वास घेण्याइतकाही उशीर न लागता. शिकवायचं कारणच नाही. त्यांनी ऐकवलंही. पणदऱ्याच्या एका पोराचा आवाज, मला ओळखीचा. बटण दाबलं आणि तो गेला.

मी विचारलं, मग मला इतक्या गावांतून कशाला हिंडवलंत? साहेब म्हणाले, यंत्राला काय पुसायचं हे कळायला आधी ते भरपूर ऐकावं लागतं. शहरातली मुलं आधीच अर्धी पुसलेली असतात. असा कोरा, जिवंत गावठी आवाज मिळत नव्हता, तो तुम्ही मिळवून दिलात. आणि पुसल्यावर त्या जागी काय ठेवायचं, त्यासाठी माझे इतक्या वर्षांचे धडे होतेच. ओहायोच्या हेलात मीच वाचलेले. यंत्रातून जो आवाज निघत होता तो माझ्या आवाजावरून बेतलेला होता. तो मला माझा वाटला नव्हता, कारण धड्यांतल्या त्या आवाजातही मी कुठे होते.

पुढच्या महिन्यापासून माझी गरज नव्हती. हे त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, कॅलिफोर्नियाच्या पोरीसारखं, शेपूट वर उचलून. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिव्या मला मराठीतच येतात, आणि त्या दिवशी त्या पुरल्या नाहीत.

पुन्हा निरवांगी

निकाल सगळ्यांना मेसेजवर गेला होता. तरी मी गेले. महेश यायला तयार नव्हता, म्हणाला, कोणत्या तोंडानं जायाचं? पण आला. रस्ता तोच होता, ट्रॉल्या त्याच होत्या. मला काहीच बघावंसं वाटलं नाही. प्रवासवर्णनात निसर्ग लागतो याची मला कल्पना आहे, पण त्या दिवशी तो मला मुळीच आवडला नाही.

नव्या गोठ्यावर पत्रे चढले होते. दावणीला नव्या गाई आल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या, अजून बावरलेल्या. तात्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. सासूबाईंनी चहा ठेवला. कुणीही रागावलं नाही, त्याने मला जास्त लाज वाटली. कोणी भांडलं असतं तर मी तरी भांडले असते. रोहिणी येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. हातांना पेंडीचा वास होता. मी सगळं सांगितलं, यंत्रासकट. लपवून कुणाचं भलं होणार होतं?

तात्या बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे ती मशीन हिच्यावानी बोलंल का? तसं आसंल तर बरं हाय. काम न्हाई लागलं तर न्हाई, आवाज तरी जाईल तिकडं.”

“नाही तात्या. ती हिच्यासारखी नाही बोलणार. हिच्या बोलण्यात जो सूर आहे, तो ओळखून काढून टाकायला शिकलीय ती.”

“मंग आमच्या पोरीचा आवाज कशापायी न्हेला?”

मी परत तेच सांगितलं, दुसऱ्या शब्दांत. सांगायला चांगले शब्दच नव्हते.

रोहिणी पहिल्यांदाच बोलली. “म्हंजे माझ्यातलं काय काय पुसायचं, त्ये मीच त्यास्नी वाचून दावलं. दिवसभर.”

“हो,” मी म्हटलं.

“मला वाटलं हुतं, आवडला म्हणून आणिक वाच म्हणताय.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

तिने ते मानलं की नाही, कळलं नाही. सासूबाई चहा घेऊन आल्या, बशा मांडल्या आणि तिथेच बसल्या. गोठ्यातली एक गाय दावं ओढत होती. रोहिणीने तिकडे बघून घेतलं आणि परत माझ्याकडे वळली.

“मंग माझं पुसल्यावर तितं कुणाचा आवाज येतोय?”

मी सांगणार नव्हते. पण ती उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही असं दिसत होतं.

“माझा.”

तात्यांनी बशी खाली ठेवली. महेशने दुसरीकडे पाहिलं. रोहिणीला राग आला असेल असं मला वाटलं, पण ती नुसतीच बघत राहिली, नवीन माणूस घरात आल्यावर बघतात तशी.

“बोलून दावा,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“व्हय. माझ्या जागी काय ठिवलंय त्ये ऐकू द्या की आमाला.”

मी खाटेवर सरळ बसले. आयुष्यभर म्हटलेलं वाक्य मी म्हटलं. थँक यू फॉर कॉलिंग, हाउ मे आय हेल्प यू टुडे. अगदी बिनचूक म्हटलं. कुठे स्वर ओढला गेला नाही, कुठे पडला नाही. सासूबाई कौतुकाने हसल्या, त्यांना इंग्रजी कळत नव्हतं.

रोहिणी कान देऊन ऐकत होती. नंतरही ती थोडा वेळ तशीच थांबली, जणू वाक्य अजून संपायचंय.

“ह्यात तर कुणीच न्हाय,” ती म्हणाली, आणि बादली घेऊन धारा काढायला गेली.